विहिरीचं पाणी, बोअरचं पाणी : शहापूर-मुरबाडच्या गावांनी तपासणी अहवाल कसा वाचायचा?

शहापूर : तानसा, भातसा आणि वैतरणेचं पाणी मोठाल्या जलवाहिन्यांतून मुंबईला जातं. तानसा धरण १८९२ सालचं आहे. धरणं ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यातल्या कसारा परिसरात, फुगाळे, विहीगाव, माळ अशा गावपाड्यांत उन्हाळा आला की हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरावं लागतं, ही गोष्ट आता कुणाला नवी राहिलेली नाही. पाणी किती आहे यावर मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, बातम्या होतात. पाणी कसं आहे, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. मिळालेला हंडा घरात आला की तो प्यायचाच असतो.

गावातल्या पाण्याच्या स्रोताची तपासणी मात्र होत असते. जलजीवन मिशनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक सार्वजनिक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून किमान एकदा आणि जैविक तपासणी दोनदा, म्हणजे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, व्हायला हवी. अहवाल येतो, फाईलला लागतो. त्यात पीएच, टीडीएस, एकूण कठीणपणा, नायट्रेट असे पंधरा-वीस आकडे असतात. ते वाचायचे कसे, कुठला आकडा गंभीर आणि कुठला नुसता दिसायला मोठा, घरासाठी काय पाहायचं आणि भेंडीच्या मळ्यासाठी काय, याची माहिती येथे देत आहोत.

खडकातून पाण्यात काय येतं?

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेले आहेत. माहुलीचा किल्ला, माळशेजचा घाट, नाणेघाट सगळा हाच दगड. या दगडाला वाळूसारखी पोकळी नसते. वरचा झिजलेला मुरूम, त्याखालच्या भेगा आणि दोन थरांमधला सच्छिद्र पट्टा, एवढ्याच जागी पाणी साठतं. म्हणून दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही पाणी टिकत नाही. उतार जास्त, साठवण कमी. एका शेतात बोअरला पाणी लागतं आणि शंभर पावलांवर नुसती धूळ उडते, त्याचं कारणही भेगाच.

पावसाचं पाणी मुळात जवळजवळ क्षारविरहित असतं. मातीतून उतरताना त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी कातळातल्या खनिजांना हळूहळू विरघळवतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडा सोडियम पाण्यात येतो, सोबत बायकार्बोनेट तयार होतं. त्यामुळे बेसॉल्टमधल्या उथळ विहिरीचं पाणी साधारणपणे कॅल्शियम-मॅग्नेशियम-बायकार्बोनेट या जातीचं असतं. आपल्याकडे पाऊस भरपूर, त्यामुळे दर पावसाळ्यात क्षार धुऊन जातात आणि विहिरींचा टीडीएस सहसा कमी राहतो. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे खारपाणपट्टा आहे. तिथे जमिनीखालचं पाणी इतकं खारं की पिकाला देता येत नाही. शहापूर-मुरबाडला तो त्रास नाही, हे नशीबच म्हणायचं.

खोल बोअरचं गणित वेगळं. तिथे पाणी दगडाच्या संगतीत जास्त काळ राहतं. हळूहळू कॅल्शियम कमी होऊन सोडियम वाढतो, पीएच वर सरकतो. खूप खोलवर फिरून आलेलं पाणी कसं असतं ते पाहायचं असेल तर तानसा नदीच्या काठाने खाली भिवंडी तालुक्यात जावं. गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरीची गरम कुंडं याच नदीच्या पट्ट्यात आहेत. अशा गरम झऱ्यांच्या पाण्यात सोडियम, क्लोराइड आणि बऱ्याचदा फ्लोराइडही नेहमीच्या विहिरीपेक्षा जास्त असतं. त्या बाजूला नवीन बोअर मारली आणि पाणी कोमट किंवा मचूळ लागलं, तर फ्लोराइडची तपासणी झाल्याशिवाय ते पिण्यासाठी वापरू नये.

दगडातून येत नाही अशीही एक गोष्ट आहे, नायट्रेट. कातळात नायट्रेटचा साठा नसतो. विहिरीत ते सापडलं तर ते शेणखताच्या खड्ड्यातून, शौचालयाच्या शोषखड्ड्यातून, गोठ्यातून, पोल्ट्रीच्या विष्ठेतून किंवा युरियाच्या गोणीतून आलेलं असतं. म्हणून अहवालात नायट्रेट आणि क्लोराइड हे दोन आकडे दरवर्षी जोडीने वाढत असतील तर दोष जमिनीच्या पोटात शोधू नये, विहिरीच्या शंभर-दोनशे फुटांच्या आवारात शोधावा.

आधी जीभ, डोळे आणि चुलीवरचं भांडं

प्रयोगशाळेत जाण्याआधी घरातच बरंच कळतं आणि बायकांना ते आधी कळतं. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर चढतो, तर पाणी जड आहे. हंडा रात्रभर ठेवला आणि सकाळी तळाशी तांबूस गाळ बसला, भात पिवळसर झाला, चहा शाईसारखा काळपट दिसला, तर पाण्यात लोह आहे. हापशाच्या पहिल्या दोन-चार बादल्याच लाल आल्या आणि मग पाणी स्वच्छ झालं, तर ते जमिनीतलं लोह नसून गंजलेल्या पाइपाचं असू शकतं. कुजक्या अंड्यासारखा वास हे साचलेल्या, हवा न लागलेल्या पाण्याचं लक्षण.

पण जी तीन गोष्टी खरंच घात करतात, त्या जिभेला कळत नाहीत : मैलापाण्याचे जंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड. डोंगरातल्या झऱ्याचं थंडगार, गोड पाणीही जंतूंनी भरलेलं असू शकतं. उन्हाळ्यात ओहोळाच्या पात्रात डवरा खणून वाटीवाटीने भरलेलं पाणी नितळ दिसतं, पण त्याच पात्रात वर गुरं बसलेली असतात. चव चांगली म्हणून पाणी चांगलं, हा समज सोडायला हवा.

आणखी एक समज टीडीएस मीटरचा. काहीशे रुपयांना मिळणारं पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवून ‘१८० आलं, पाणी एक नंबर’ असं सांगणारे विक्रेते गावोगाव फिरतात. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. नायट्रेट आहे की साधं कॅल्शियम, हेही त्याला कळत नाही. उपयोग एकच : त्याच विहिरीचा आकडा दर महिन्याला वहीत लिहून ठेवला आणि एखाद्या महिन्यात तो अचानक दीडपट झाला, तर काहीतरी बदललंय हे समजतं.

अहवालातले आकडे

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५००, सन २०१२ हे प्रमाण धरलं जातं. त्यात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा आहेत. पहिली स्वीकारार्ह, म्हणजे पाणी याच्या आत असावं. दुसरी, दुसरा स्रोतच नसेल तर इथपर्यंत चालेल अशी. अहवालात पहिली मर्यादा ओलांडली की घाबरून जायचं कारण नाही, दुसरी ओलांडली की स्रोत बदलायचा. काही घटकांना मात्र दुसरी मर्यादाच नाही. नायट्रेट त्यातलंच.

पीएच ६.५ ते ८.५ च्या आत हवा. कोकण पट्टीत पावसाळ्यात उथळ विहिरींचा पीएच थोडा खाली येऊ शकतो. त्याने माणसाला फारसं होत नाही, पण लोखंडी पाइप लवकर गंजतात.

टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ५०० पर्यंत उत्तम आणि २,००० ही शेवटची हद्द. हे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात. अहवालावर पीपीएम लिहिलेलं असलं तरी अर्थ तोच.

एकूण कठीणपणा २०० पर्यंत, फार तर ६००. क्लोराइड २५० आणि १,०००. सल्फेट २०० आणि ४००. कॅल्शियम ७५ आणि २००, मॅग्नेशियम ३० आणि १००. या भागात हे आकडे सहसा मर्यादेत बसतात, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नये. जड पाण्याने मुतखडा होतो असं सर्रास बोललं जातं. पण फक्त जड पाण्यामुळेच तो होतो, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. उन्हातान्हात राबूनही पाणी कमी पिणं हे त्याचं मोठं कारण आहे.

लोहाची मर्यादा १. पूर्वी ती ०.३ होती, मानकात २०१५ साली दुरुस्ती झाली. जास्त लोह त्रासदायक असलं तरी नायट्रेट-फ्लोराइडसारखं धोकादायक नाही. शिवाय ते काढणं सोपं आहे. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून दोन-चार वेळा ओतायचं, रात्रभर ठेवायचं आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजाच्या रूपात खाली बसतं.

फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, १.५ ही हद्द. त्यावर वर्षानुवर्षं पाणी प्यायलं तर आधी मुलांच्या दातांवर तपकिरी डाग येतात, नंतर सांधे आणि हाडं धरली जातात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गावांनी हे भोगलंय. बेसॉल्टच्या उथळ विहिरीत याची शक्यता कमी, खोल बोअरमध्ये तपासणी हवीच.

नायट्रेटची मर्यादा ४५, सवलत नाही. इथे एक खाचखळगा आहे. काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’ म्हणून. दुसऱ्या पद्धतीत मर्यादा १० च्या आसपास येते. अहवालात ‘नायट्रोजन १८’ असं दिसलं आणि वाचणाऱ्याने ते ४५ च्या खाली आहे म्हणून सोडून दिलं, तर प्रत्यक्षात ते पाणी मर्यादेच्या जवळपास दुप्पट आहे. अहवाल हातात आला की हे विचारून घ्यावं.

मोठ्या माणसाला थोड्या जास्त नायट्रेटने लगेच काही होत नाही. धोका बाटलीने दूध पिणाऱ्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. ओठ, नखं निळसर पडतात. अशा बाळाला तातडीने दवाखान्यात नेलं पाहिजे. आणि इथेच घराघरात होणारी चूक सांगायला हवी. पाणी उकळलं की सगळं शुद्ध होतं, असं समजून त्यात पावडरचं दूध कालवलं जातं. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र उडून जात नाही, पाणी आटल्याने उलट थोडं दाटच होतं. फ्लोराइडचंही तसंच. नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीचं पाणी बाळाच्या दुधासाठी वापरायचंच नाही. आईचं दूध हा सर्वात सुरक्षित मार्ग.

शेवटचा आणि खरं म्हणजे सर्वात पहिला पाहायचा आकडा : ई. कोलाय किंवा कोलिफॉर्म. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नसावा. शहापूर-मुरबाडसारख्या भरपूर पावसाच्या, उघड्या विहिरींच्या भागात पाण्याने आजारी पडणाऱ्यांचं कारण क्षार नसतात, बहुतेक वेळा हेच असतं. जून-जुलैत पहिल्या सरींबरोबर शिवारातली घाण वाहत विहिरीत येते आणि जुलाब, कावीळ, टायफॉइडचे रुग्ण वाढतात. गावात हायड्रोजन सल्फाइडची बाटली असेल तर तीत पाणी भरून एक दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर मैलापाणी मिसळलंय.

सध्या ‘वॉटर क्वालिटी इंडेक्स’ म्हणून सगळ्या आकड्यांचा मिळून एकच गुण देण्याची पद्धत आली आहे. पन्नासच्या आत उत्तम, शंभरपर्यंत चांगलं, अशा पायऱ्या असतात. नकाशावर रंग भरायला ते ठीक आहे. पण दहा आकडे चांगले आणि एकटं नायट्रेट ७० असलं, तरी एकूण गुण ‘चांगलं’ येऊ शकतो. गावाने गुणावर न जाता ओळी वाचाव्यात.

नमुना नीट घेतला नाही तर सगळं वाया

रासायनिक तपासणीसाठी एक लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन पुरतो. तो त्याच पाण्याने तीनदा विसळायचा. हापसा किंवा पंप पाच-दहा मिनिटं चालवायचा, म्हणजे पाइपातलं शिळं पाणी जाऊन जमिनीतलं ताजं येतं. कॅन काठोकाठ भरायचा, आत हवा ठेवायची नाही. चिठ्ठीवर गाव, पाडा, स्रोत, तारीख, वेळ लिहायची. ‘सरकारी विहीर’ एवढंच लिहिलं तर पुढच्या वर्षी कुठली ते कुणालाच आठवत नाही. कोल्ड्रिंकची किंवा तेलाची बाटली वापरू नये.

जैविक तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, ती निर्जंतुक केलेली असते. आत चिमूटभर औषध असतं, ते क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी. म्हणून ही बाटली विसळायची नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा तोंडाला बोट लावायचं नाही. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवायची. डोळखांब किंवा टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावरून एसटीने ठाण्याला पोचेपर्यंत दिवस मावळतो. त्यामुळे नमुना पहाटे घ्यावा आणि जवळची उपविभागीय प्रयोगशाळा कुठली ते आधीच विचारून ठेवावं. विहिरीत टीसीएल टाकल्याच्या दिवशी स्रोताचा नमुना घेतला तर अहवाल साफ येतो आणि खरा दोष झाकला जातो.

एक तपासणी पुरेशी नसते. मे महिन्यात पाणी खाली जातं, क्षार दाट होतात. ऑक्टोबरला विहीर भरलेली असते, क्षार कमी आणि वाहून आलेली घाण जास्त. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ते याच चढउतारासाठी. ही यंत्रणा राज्यात १९७१ पासून काम करते आणि खासगी शेतकऱ्याच्या पाण्याच्या नमुन्याचीही तपासणी तिच्या प्रयोगशाळेत शुल्क भरून करून घेता येते.

अहवाल खरा आहे का, हेही तपासता येतं

हे थोडं आकडेमोडीचं आहे, पण दहावी झालेल्या मुलालाही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जमेल. पाण्यात धन भार आणि ऋण भार सारखे असतात. प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅम त्याच्या ठरलेल्या आकड्याने भागले की मिलिइक्विव्हॅलंट मिळतात. कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२.१५, सोडियमला २३, बायकार्बोनेटला ६१, क्लोराइडला ३५.५, सल्फेटला ४८.

समजा, एका विहिरीच्या अहवालात कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम २४, सोडियम ४६, बायकार्बोनेट २४४, क्लोराइड ५३, सल्फेट २४ आहे. भागाकार केल्यावर धन बाजूला २, २ आणि २, म्हणजे ६. ऋण बाजूला ४, १.५ आणि ०.५, म्हणजे तेही ६. अहवाल जुळला. दोन्ही बाजूंत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कुठेतरी चूक आहे किंवा एखादा घटक तपासलाच नाही. तपासणी पुन्हा मागायला तो पुरेसा आधार आहे.

याच आकड्यांवरून कठीणपणाही निघतो. कॅल्शियमची अडीचपट अधिक मॅग्नेशियमची ४.१ पट, म्हणजे १०० अधिक ९८, एकूण १९८. पाणी किंचित जड, पण स्वीकारार्ह मर्यादेत. आणि बायकार्बोनेट भरपूर असल्याने हा कठीणपणा तात्पुरता, उकळल्यावर पातेल्याला बसून जाणारा.

शेतीसाठी वेगळे आकडे

पिण्याला चालणारं पाणी शेतीला चालेलच असं नाही आणि उलटही खरं. पिकाला कोलायचं काही पडलेलं नसतं. त्याला त्रास क्षारांचा आणि सोडियमचा.

पहिला आकडा ईसी, म्हणजे विद्युतवाहकता. २५० मायक्रोसीमेन्सच्या खाली अगदी हलकं पाणी, ७५० पर्यंत मध्यम आणि जवळजवळ सगळ्या पिकांना चालणारं, २,२५० पर्यंत निचरा चांगला असेल तरच, त्यावर धोक्याचं. ईसीला साधारण ०.६५ ने गुणलं की टीडीएस मिळतो. वरच्या उदाहरणातल्या पाण्याची ईसी ६०० च्या आसपास येईल.

दुसरा एसएआर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या मिलिइक्विव्हॅलंटची बेरीज निम्मी करायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने सोडियमला भागायचं. वर ते २ भागिले १.४१, म्हणजे जवळपास १.४ येतं. १० च्या आत उत्तम, १८ पर्यंत जपून, २६ च्या वर शेताला देऊच नये. सोडियम जास्त झाला की मातीचे कण सुटे होतात, जमीन वर पापडी धरते आणि आत पाणी मुरत नाही.

तिसरा आरएससी. कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची. १.२५ च्या आत सुरक्षित, २.५ पर्यंत काठावरचं, त्यापुढे नको. उदाहरणात तो शून्य आहे. खोल बोअरवाल्यांनी हा आकडा जरूर काढावा, कारण वर सांगितल्याप्रमाणे तिथे कॅल्शियम घटून सोडियम आणि बायकार्बोनेट उरतं. ईसी कमी दिसते, शेतकरी निर्धास्त राहतो आणि चार-पाच उन्हाळ्यांत वाफा कडक होऊ लागतो.

आपल्याकडे जमेची बाजू पाऊस. उन्हाळी भेंडी, काकडी, मोगऱ्याला दिलेल्या पाण्यातून जे क्षार जमिनीत साचतात, ते जून-जुलैच्या पावसात भाताच्या खाचरातून धुऊन निघतात. हा धुवा शेडनेटमध्ये मिळत नाही. वर आच्छादन असलेल्या शेतकऱ्याने वर्षातून एकदा मातीची ईसी पाहावी.

ठिबकवाल्यांचं दुखणं आणखी निराळं. पाण्यात लोह असेल तर तोट्यांमध्ये तांबूस चिकट बुळबुळीत थर बसतो, बायकार्बोनेट असेल तर पांढरा कडक थर. पहिल्याला क्लोरीन, दुसऱ्याला आम्ल. दोन्ही एकाच वेळी, एकाच टाकीत कधीही घालू नये, विषारी वायू तयार होतो. जड पाण्यात काही तणनाशकांचा जोर कमी पडतो, हेही फवारणीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

आता युरिया. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २०.७ किलो. तो सगळाच्या सगळा नायट्रेट होऊन पाण्यात उतरला, तसा तो उतरत नाही, पण समजा उतरला, तर एका गोणीतून ९२ किलोच्या आसपास नायट्रेट होतं. ४५ च्या मर्यादेपर्यंत पोचायला ते २० लाख लिटर पाण्याला पुरतं. पाच मीटर व्यासाच्या, तीन मीटर पाणी असलेल्या विहिरीत साधारण ५९ हजार लिटर पाणी असतं. म्हणजे अशा ३४ विहिरी. प्रत्यक्षात यातला थोडाच भाग खाली जातो, तरी पाण्याच्या विहिरीला लागून असलेल्या मळ्यात युरिया दोन-तीन हप्त्यांत विभागून का द्यायचा, ते यावरून कळावं.

दोष सापडला तर?

जंतू सापडले तर उपाय टीसीएल पावडर. विहिरीतलं पाणी मोजायला सोपं सूत्र : व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, गुणिले ७८५, उत्तर लिटरमध्ये. दर हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम चांगली पावडर. वर सांगितलेल्या विहिरीला साधारण दीडशे ते तीनशे ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ विहिरीत सोडून घुसळायचं. एक तास कुणी पाणी भरायचं नाही. नंतर ओटी चाचणीत पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. उघड्या पोत्यात, ओल्या खोलीत सहा महिने पडलेली पावडर किती टाकली तरी काम करत नाही, कारण तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. गढूळ पाण्यात आधी तुरटी, मग क्लोरीन.

टंचाईत टँकरचं पाणी बऱ्याच पाड्यांत कोरड्या विहिरीतच ओततात आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. टँकर भरताना औषध टाकलेलं असलं तरी विहिरीतला गाळ, पानं, बुडवलेल्या कळशा, दोर यांनी ते संपून जातं. दहा हजार लिटरच्या टँकरला २५ ते ५० ग्रॅम टीसीएल पुरते. ती टँकर निघतानाच टाकली तर वाटेत मिसळून तिचा वेळही भरतो. टाकी ठेवून त्याला तोट्या बसवल्या तर आणखी चांगलं. घरी आल्यावर मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकावेत किंवा पाणी उकळावं.

नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर टीसीएल, उकळणं, तुरटी, कापडाने गाळणं यातल्या कशाचाच उपयोग नाही. पिण्याचा आणि स्वयंपाकाचा स्रोत बदलायचा. अंघोळीला, धुण्याला, भांड्यांना तेच पाणी चालतं. माणसाला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला फार थोडं पाणी लागतं, तेवढ्यापुरती दुसरी विहीर किंवा पत्र्यावरचं पावसाचं पाणी झाकलेल्या टाकीत साठवलं तरी भागतं. आरओ यंत्राने नायट्रेट आणि फ्लोराइड दोन्ही कमी होतात हे खरं. पण टीडीएस ५०० च्या खाली आणि बाकी सगळं मर्यादेत असताना, जसं इथल्या बऱ्याच विहिरींचं असतं, आरओ घेऊन पाण्याच्या टंचाईच्या तालुक्यात निम्म्याहून अधिक पाणी मोरीत सोडायचं, याला अर्थ नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या टीडीएसला आरओ नको असाच कल दिला होता.

जंतू पुन्हापुन्हा सापडत असतील तर पावडर टाकत बसण्यापेक्षा विहिरीचा परिसर पाहावा. कठडा फुटलाय का, हापशाच्या ओट्याला तडा गेलाय का, सांडपाणी तिथेच मुरतं का, कपडे काठावरच धुतले जातात का. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा. कातळाला भेगा असल्याने आपल्याकडे जास्त लांब असेल तितकं बरं आणि तो विहिरीच्या वरच्या उताराला नसावा. नवी बोअर घेताना मुरूम संपून कठीण कातळ लागेपर्यंत केसिंग पाइप घालून भोवतीची फट बुजवून घ्यावी. तिथे पैसे वाचवले की वरचं सगळं घाण पाणी थेट खाली जातं.

याच गोष्टी पाहून ग्रामपंचायतीच्या स्रोतांना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. लाल म्हणजे जास्त जोखीम. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. आपल्या गावाला कुठलं कार्ड आहे, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा जलसुरक्षकाकडे कळतं. गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचं प्रशिक्षण देण्याची तरतूद जलजीवन मिशनमध्ये आहे. संच कपाटात बंद असेल तर त्यातल्या औषधांची मुदत आधी पाहावी. तपासणीचे निकाल मिशनच्या संकेतस्थळावर गावाच्या नावाने मोबाइलवरही पाहता येतात. अहवाल तिथे दिसत नसेल तर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत तो वाचून दाखवायला सांगावं आणि इतिवृत्तात नोंद करून घ्यावी.

पोल्ट्रीवाल्यांसाठी एक सूचना : लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी क्लोरीन टाकलेलं पाणी वापरू नये, लस मरते. त्यासाठी साधं पाणी आधीच वेगळं भरून ठेवावं.